तीनची बोट

इल्वाचे पप्पा बोटीतून उतरले तेच मुळी स्ट्रॉबेरीच्या केकचा डबा डोक्यावर धरून, अख्ख्या धक्क्याला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडत. "इल्वा! अगं ए पोरी! बोलावलं नाहीस, तरी आलो बघ!"

इल्वानं आधी घड्याळ पाहिलं. बाप दोन बस आणि एक बोट बदलून आला, आनंद व्हायला हवा होता. नाही झाला, उगाच खोटं कशाला सांगा. नेमकी आजच पाच वाजता कास्परची आई यायची होती, होणाऱ्या सुनेला पहिल्यांदा भेटायला. आणि या हेडविगबाईंना इल्वानं मागे एकदा फोनवर बोलण्याच्या भरात ठोकून दिलं होतं, माझे वडील जहाजावर इंजिनियर होते म्हणून. पप्पांनी जन्मभर संडासाच्या टाक्या उपसायची गाडी चालवली होती. इमानानं चालवली, त्यावरच मुलीला शिकवलं. पण तोंडातून एकदा गेलं ते गेलं.

बरं, माणसाला लपवायचं तरी कुठं? बेट केवढं, तर या टोकाला शिंकलं की त्या टोकाला ऐकू जावं. भाड्याची सहा लाकडी घरं, त्यातलं एक सुट्टीपुरतं इल्वा-कास्परचं, वाफेनं अंघोळ करायची एक सौना, पोहायचे खडक, संपलं. कास्पर मोटरबोट घेऊन मोठ्या बेटावर धुरी दिलेले मासे आणायला गेला होता, तेवढंच नशीब.

घराच्या पायरीशी येताच पप्पांनी नाक वर केलं. "कसला गं वास हा?"

"कसला नाही. तुम्ही बसा ना पप्पा."

"मला शिकवतेस? तीस वर्षं याच वासावर जेवलीस तू!" आणि बाह्या सरसावून गेले की मागच्या संडासाकडं. अर्ध्या तासानं बाहेर आले ते हातात काटक्यांचा पुंजका घेऊन. "हवेच्या नळीत पाखरानं संसार मांडला होता. रिकामं घरटं आहे, काळजी नको. खालचा मैल्याचा डबाही बदललाय. आता बस जाऊन खुशाल, महाराणीसारखी!"

शेजारच्या ओसरीवरची माणसं खो खो हसली. पप्पांनाही चेव आला, त्यांनी टाकी फुटल्याचा तो जुना किस्सा सुरू केला. इल्वाच्या कानाच्या पाळ्या तापल्या. तिनं घाईघाईनं कॉफी ओतली आणि केकचा डबा न उघडताच आत नेऊन ठेवला.

"पप्पा, परतीची बोट तीनची आहे हं," ती पाठमोरीच म्हणाली. "आज तीच शेवटची. सुट्टीचं वेळापत्रक आहे."

"तीनची? अगं, अडीच वाजलेत! मी म्हटलं संध्याकाळी सौना घेऊ, तू लहानपणी मारायचीस तशा दोघं मिळून खडकावरनं उड्या मारू..."

"काय करणार? बोटच नाही."

"बरं, बरं. नाही तर नाही." त्यांनी कढत कॉफी दोन घोटांत संपवली. जीभ पोळली असणार, पण लगेच टोपी उचलली त्यांनी. इल्वाला स्वतःची लाज वाटली. पण लाज वाटली म्हणून काही तिनं शब्द मागे घेतला नाही.

धक्क्यावर वेळापत्रकाची पाटी होती, ती ही बया साफ विसरली होती. पप्पा पाटीसमोर उभे राहून खिसे चाचपू लागले. चष्मा विसरलेला असू दे, देवा, विसरलेला असू दे! चष्मा सापडला. त्यांचं बोट आकड्यांवरून खाली सरकत तीनपाशी आलं. मग पाचपाशी. मग साडेसातपाशी. तिथं ते जरा थांबलं. पप्पांनी चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, खिशात ठेवला. मग जाऊन त्यांनी धक्क्यावरची पांढरी तबकडी उभी केली.

"ही उभी दिसली नाही तर थांबायची नाही बोट," एवढंच म्हणाले.

थांबा ना पप्पा, मी खोटं बोलले, एवढं म्हणायला कितीसा वेळ लागतो? इल्वाला तेवढंही जमलं नाही.

बोट आली, फळी पडली, आणि पहिल्यांदा उतरल्या त्या हेडविगबाई! पांढरी शुभ्र पँट, हातात फुलाची कुंडी. "इल्वाच ना तू? अगदी फोटोतल्यासारखीच गं! शहरात काय उकाडा, म्हटलं आधीचीच बोट धरावी." मग त्यांची नजर पप्पांच्या मळलेल्या बाह्यांवर गेली. "आणि हे कोण?"

इल्वानं कुंडी घ्यायला हात पुढं केले.

पप्पांनी लेकीच्या चेहऱ्याकडं एकदा पाहिलं. मग टोपी काढली. "मी संडासाच्या कामाला आलो होतो, बाई. नळी तुंबली होती. झालं आता." आणि इल्वाकडं वळून म्हणाले, "येतो मग, मॅडम. परत अडलं तर कळवा."

बापानं तिला जन्मात पहिल्यांदा अहो-जाहो केलं. मेल्याहून मेल्यासारखं झालं तिला. पप्पा फळीवरून चढले आणि मुद्दाम पलीकडच्या बाजूला जाऊन बसले, इथून दिसू नये असे.

"काय अदबीचा माणूस गं!" हेडविगबाई म्हणाल्या. "आमच्या उन्हाळी घराला मेलं कुणी मिळतच नाही. नंबर आहे का याचा?"

इल्वानं नंबर सांगितला. तोंडपाठ सांगितला.

हेडविगबाईंनी फोनवर टिपून घेतला. "नाव काय लिहू?"

"होल्गर." बापाचं नाव असं नुसतं तिनं कधी घेतलं नव्हतं.

"आणि आडनाव?"

आडनाव तिचंही तेच होतं. बोटीचे दोर अजून सुटले नव्हते, नुसती हाक मारली असती तरी ऐकू गेली असती.

"आडनाव नाही माहीत," इल्वा म्हणाली.