दादाच्या ब्लाइंडवर

रविवारी दुपारी क्लबात पोकरच्या स्पर्धेला चाळीस जण बसले होते. चहा संपेपर्यंत तिघंच उरले: दातांच्या डॉक्टरीणबाई, धाकटा आणि त्याचा थोरला भाऊ. या दोघा भावांत सहा वर्षं अवाक्षर नव्हतं. नशिबाने नेमकं त्यांनाच समोरासमोर बसवलं.

वजनकाटे दुरुस्तीचं दुकान दोघांचं होतं. दादाने ते एक दिवस धाकट्याच्या नावावर करून टाकलं आणि स्वतः कारखान्यात नोकरी धरली. धाकटा गहिवरला होता. मग कानावर आलं, दादा कुणाला तरी म्हणाला होता, "त्याला दुसरं काही झेपायचं नाही." ते काळजात रुतलं. लहानपणीही दादा जिंकणारा पत्ता मांडीखाली दडवून 'हरलो बुवा' म्हणायचा. हे कळलं त्या दिवशी धाकटा जिंकूनही ढसाढसा रडला होता.

मोठं ब्लाइंड म्हणजे पत्ते बघायच्या आधीच एकाला सक्तीने लावाव्या लागणाऱ्या चिप्स. आपल्याकडे त्याच्या दहापटीहून कमी उरल्या की दोनच वाटा: सगळं पुढे ढकला, नाहीतर पत्ते टाकून डाव सोडा. धाकट्याला हे तोंडपाठ होतं. तरी ब्लाइंड दादाचं असलं की हात आखडायचा. एकदा त्याने नव्व्यांची जोडी टाकली, एकदा चक्क एक्का. हरण्याचं भय नव्हतं. दादा पुन्हा दया करून पत्ते टाकेल, याचं होतं. अशी माती खात खात चिप्स पाचपटीवर आल्या.

पुढच्या डावात डॉक्टरीणबाईंनी पत्ते टाकले. धाकट्याकडे राजा आणि अठ्ठी आली होती, आणि ब्लाइंड दादाचंच. आता मागे हटलो तर दादा म्हणाला तेच खरं, असं त्याला वाटलं.

"ऑल-इन." त्याने सगळ्या चिप्स पुढे ढकलल्या.

दादाने पत्त्यांचे कोपरे उचलून पाहिले. मग धाकट्याकडे पाहिलं, सहा वर्षांत पहिल्यांदा, आणि पाहतच राहिला. पत्ते वाटणाऱ्याने हळूच आठवण केली, काय ते तोंडाने सांगावं लागेल. टाकू नकोस, धाकटा मनातल्या मनात विनवत होता, एवढं एकदा टाकू नकोस.

"कॉल," दादा म्हणाला आणि तेवढ्याच चिप्स पुढे सारल्या.

दादाकडे राणी आणि दश्शी होती. टेबलावर एकेक पत्ता उघडत गेला. पहिल्या तीन पत्त्यांपर्यंत धाकटा पुढे होता. चौथा पत्ता राणीचा निघाला, दादाची जोडी जुळली. पाचव्याने काही बदललं नाही. धाकट्याचा खेळ आटोपला.

तो उठला. डोळे भरून आले होते आणि ते लपवावं असं त्याला वाटेना. इतकं हलकं त्याला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं.

"हरवलंस मला, दादा."

दादा खाली मान घालून चिप्स गोळा करत होता.

"मग? खेळायलाच बसलो होतो ना आपण?"