फ्रीझरमधला बूट

माझा भाऊ तमाती गेला तेव्हा त्याच्या मागे एक होडी, दोन जाळी आणि डबाभर इनंगा मासे राहिले. होडी विकली, जाळी चुलतभावांनी नेली. मासे मात्र त्याच्या बायकोने, पिरिहिराने, गॅरेजमधल्या मोठ्या फ्रीझरमध्ये ठेवले आणि वर्षभर कुणाला हात लावू दिला नाही. आइस्क्रीमच्या डब्यात पाणी घालून गोठवलेले, काडीएवढे, आरपार दिसणारे मासे. मोकाऊ नदीतली त्याची ती शेवटची पकड. माशांचा हंगाम संपला आणि पंधरवड्यात तोही संपला.

वर्ष भरलं. थडग्याच्या दगडावरचा कपडा काढून तो सगळ्यांना दाखवायचा दिवस ठरला. त्या दिवशी मराएवर, म्हणजे आमच्या गोताच्या सभाघरी, सगळं गोत जेवायला जमणार होतं. पिरिहिराने जाहीर केलं की तमातीचे मासे त्या दिवशी अंड्यात घालून तळायचे आणि घरच्या प्रत्येकाला एकेक घास द्यायचा. त्या घासाची मी किती वाट बघत होते ते माझं मला ठाऊक. यात लाजायचं काही नाही, भाऊ माझा होता.

आता फिलिपाबद्दल सांगायला हवं. तमातीचा एकुलता मुलगा, नाव तिपेने, त्याची ही बायको. टिमारूकडची, गोरी, हॅमिल्टनला दातांच्या दवाखान्यात कामाला. स्वभावाने चांगली, जरा जास्तच. आणि पिरिहिराची जीभ तर आमच्या किनाऱ्यावर प्रसिद्ध आहे. मराएच्या स्वयंपाकघरात तिची बोलणी खाल्ल्याशिवाय कुणी साधा बटाटा सोलायला शिकलेलं नाही. भाच्या, पुतण्या, पोस्टमन, पाद्री, कुणालाही ती सोडत नाही. पण फिलिपाशी ती इतकं गोड बोलायची की माझ्या अंगावर काटा यायचा. "बस गं तू, दमली असशील." पाहुण्यांचा टॉवेल, पाहुण्यांचा कप. फिलिपाने हात पुसायच्या फडक्याने ताटं पुसली की ही हसून आभार मानायची, आणि पोरीची पाठ वळली की सगळी ताटं पुन्हा धुवायची.

"अगं, सांग की तिला," मी म्हणायचे.

"कशाला? वाईट वाटेल तिला. परक्या घरची आहे."

लग्नाला चार वर्षं झाली तरी परक्या घरची. पोर काही आंधळी नव्हती. एकदा माझ्याबरोबर कपडे वाळत घालताना तिने विचारलं, "आत्या, मी काय केलं म्हणजे आई मला ओरडतील?" मी हसले, पण तिला हसू आलं नव्हतं. त्या घरात शिरायला ती चार वर्षं दारात उभी होती आणि सासू तिला दर वेळी नव्याने खुर्ची देत होती.

दगडाच्या कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी, शुक्रवारी, ती दोघं हॅमिल्टनहून निघाली. फिलिपा दवाखान्यातून तशीच आलेली, पायात काळे चामड्याचे बूट. दुसऱ्या दिवशी घालायला तेच. वाटेत ते-कुइती गावात पेट्रोल भरताना कुणाचं तरी थुंकलेलं च्युइंगम तिच्या बुटाला लागलं आणि तिला पत्ताही लागला नाही. तिथून दोघं थेट दफनभूमीत आली, कारण पिरिहिरा तिथे गवत काढत होती. फिलिपानेही गवत उपटलं, दगडाभोवतीची माती सारखी केली. निघताना फाटकाशी सगळ्यांनी हातांवर पाणी घेतलं, तिनेही घेतलं. सगळे करतात ते तिला दिसायचं आणि दिसलेलं सगळं ती करायची. न दिसणाऱ्या गोष्टींचं काय, ते तिला कुणी सांगितलं नव्हतं.

घरी येऊन पायरीवर बूट काढायला गेली तर बुटाबरोबर पायपुसणंही उचललं गेलं. तळव्याला नाण्याएवढं च्युइंगम, त्यात थडग्याची माती आणि गवताच्या काड्या रुतलेल्या. काडीने काढायला गेली तर त्याच्या तारा निघायला लागल्या. तिपेने म्हणाला, पेट्रोल लावू. ती म्हणाली, उद्या सगळ्या गोतासमोर मी पेट्रोलचा वास मारत उभी राहू का? मग तिला तिच्या आईची युक्ती आठवली. बूट पावाच्या पिशवीत घालायचा आणि फ्रीझरमध्ये ठेवायचा. च्युइंगम दगडासारखं होतं आणि एका फटक्यात सुटतं. युक्ती अगदी रामबाण आहे, तेवढं मी मान्य करते.

संध्याकाळी मी पिरिहिराकडे गेले. उद्याच्या जेवणाचं बोलायचं होतं. ती म्हणाली, गॅरेजमधून बटाट्याची पिशवी आण, म्हणून मी मागच्या दाराने गॅरेजमध्ये गेले. फिलिपा उकिडवी बसली होती. मांडीवर बूट आणि हातात स्क्रू ड्रायव्हर.

"आत्या, बघा," तिने चिमटीत धरून दाखवलं. "अख्खं निघालं. एक कणसुद्धा राहिला नाही."

बुटावर पांढरं हिव साचलं होतं. मी ते बघितलं आणि मला विचारायचंच नव्हतं, तरी विचारलं.

"कुठे ठेवला होतास गं हा?"

तिने मानेने फ्रीझर दाखवला. मी झाकण उघडलं. सगळ्यात वर आइस्क्रीमचा तो डबा होता, आणि त्याच्या झाकणावरच्या हिवात बुटाचा ठसा उमटला होता. टाच, मधली कमान, चवडा, सगळं स्वच्छ दिसत होतं.

आमच्याकडे पायाचं आणि तोंडाचं एकत्र येत नाही. जेवायच्या टेबलावर कुणी बूड टेकत नाही, ताटं पुसायचं फडकं कपड्यांबरोबर धुतलं जात नाही. त्यात हा बूट मेलेल्यांच्या जमिनीवरून आलेला, ती माती घेऊन. असलं काही अन्नावर ठेवणं म्हणजे तापू, म्हणजे पवित्राचं बंधन, मोडणं, आणि त्यावर चर्चा नसते. ते अन्न मग अन्न राहत नाही.

तेवढ्यात तिपेने आला. त्याने एकदा बुटाकडे बघितलं, एकदा फ्रीझरकडे, आणि पोराचा चेहरा उतरला.

"पिशवीत होता ना?" तो हळूच म्हणाला. "डब्यालाही झाकण आहे. आईला सांगू नकोस. आत्या, तूही नको सांगूस."

"काय सांगू नको?" फिलिपाने विचारलं.

त्याने तिला सांगितलं. भराभर सांगितलं, तिच्याकडे न बघता. ती ऐकत होती आणि हातातलं च्युइंगम मऊ पडून तिच्या बोटांना चिकटत होतं. मी काय बोलले असते एरवी? बाराखडीपासून सुरुवात केली असती. पण आज तिपेनेला जे वाटत होतं तेच मलाही वाटत होतं. फ्रीझरचं झाकण लावावं, हिव पुसून टाकावं आणि उद्या भावाचा घास खावा.

"आत्या, तुम्ही सांगा," ती म्हणाली. "उद्या सगळ्यांनी ते खाल्लं तर काय होईल?"

"काही होणार नाही. वीज पडणार नाही, पोट दुखणार नाही."

"मग?"

"मग काय. तुला माहीत असेल, एवढंच."

"आणि तुम्हाला?"

"मला माहीत असूनही मी खाईन गं," मी म्हटलं. खोटं कशाला बोलू?

तिने बूट खाली ठेवला. "मी सांगितलं तर त्या मला आयुष्यात घरात घेणार नाहीत," ती म्हणाली. तिपेने म्हणाला, "म्हणूनच म्हणतोय." ती उठली आणि अनवाणी स्वयंपाकघरात गेली. मी मागोमाग गेले. बटाटे तिथेच राहिले.

पिरिहिरा कणीक मळत होती. फिलिपाने तिच्यासमोर उभं राहून सगळं सांगितलं, कुठेही पाणी न घालता. पेट्रोल पंप, च्युइंगम, पावाची पिशवी, डबा. शेवटी म्हणाली, "माझ्यामुळे झालं."

पिरिहिराचे हात थांबले.

"तोच बूट? दुपारी तिथे घातलेला?"

"हो."

पिरिहिराने हात धुतले, पुसले. आणि मग तिने तो आवाज काढला. गोड, पाहुण्यांचा. "असू दे हं. बरं केलंस सांगितलंस. तू बस, चहा घे. दमली असशील."

मी फिलिपाचा चेहरा बघितला आणि मला पिरिहिराचा भयंकर राग आला. थोबाडीत मारली असती तर पोरीला कमी लागलं असतं.

पिरिहिरा गॅरेजमध्ये गेली. बराच वेळ आलीच नाही. आली तेव्हा डबा तिने पोटाशी धरला होता आणि झगा पुढून ओला झाला होता. "मकारेता, गाडी काढ," ती मला म्हणाली. फिलिपाकडे बघितलंही नाही. पण आम्ही गाडीत बसलो तेव्हा मागचं दार उघडलं आणि फिलिपा आत येऊन बसली, तशीच अनवाणी. 

नदीवर ओहोटी लागली होती. ऊन उतरून पलीकडच्या डोंगरावर गेलं होतं. तमाती ज्या फळीवर बसून जाळं लावायचा ती फळी अजून तिथेच आहे. पिरिहिरा काठाने खाली उतरली, फळीवर गुडघे टेकून बसली आणि डबा उपडा केला. बर्फ सुटेना. तिने डबा फळीवर आपटला, तरी सुटेना. मग ती नुसतीच तो धरून बसली.

फिलिपा चिखलातून उतरली आणि तिच्याशेजारी जाऊन बसली. तिने डब्याच्या एका बाजूला हात घातला. पिरिहिराने दुसरी बाजू धरली. दोघींनी ओढून वाकवला तशी आतली लादी सुटली आणि पाण्यात पडली. बुडाली नाही, तरंगत राहिली. आत ते शेकडो चिमुकले डोळे, काळ्या ठिपक्यांसारखे. लादी गोल फिरली आणि समुद्राच्या दिशेने जायला लागली. मी काठावर उभी राहून बघत होते.  माझा भाऊ मला चाखायला मिळाला नाही, एवढंच मनात येत होतं.

"मला माफ करा," फिलिपा म्हणाली.

"असू दे हं," पिरिहिराने पुन्हा सुरू केलं, "तुला काय माहीत..."

"नाही माहीत," फिलिपा म्हणाली. तिचा आवाज चढलेला मी पहिल्यांदाच ऐकला. "कसं माहीत असणार? तुम्ही मला काही सांगतच नाही. मी पुसलेली ताटं तुम्ही परत धुता. मला दिसतं ते. चार वर्षं दिसतंय. तिपेनेला ओरडता, शेजारच्या पोरांना ओरडता, मला नुसता चहा देता."

 लादी वळणापलीकडे गेली होती. पिरिहिराने हात पाण्यात बुडवून धुतले, मग फिलिपाचे हात मनगटाला धरून ओढले आणि पाण्यात दाबले. जोरात चोळून चोळून धुतले, लहान पोराचे धुवावेत तसे.

"डोकं आहे का तुला?" ती म्हणाली. "आं? बूट? खायच्या डब्यावर? तुझ्या आईने शिकवलं म्हणे. तुझी आई काय माझ्या फ्रीझरची मालकीण आहे? नवरा गेला माझा, त्याचे मासे एवढे जपले मी, आणि तू त्यावर पाय ठेवलास. आणि ते लाल काठाचं फडकं, ते हातांचं आहे, हातांचं. ताटांचं निळं. एवढी शिकलेली बाई, दोन रंग कळत नाहीत? आणि पलंगावर उशीवर बसतेस ते बंद कर आधी. डोकं ठेवायच्या जागी बूड ठेवतेस, मला झोप येत नाही रात्री."

"आत्ता सांगताय?" फिलिपा रडत म्हणाली.

"आत्ता सांगतेय. माझीच चूक. आधीच कान धरायला हवा होता, म्हणजे मासे तरी वाचले असते." पिरिहिराही रडत होती, पण बोलणं थांबत नव्हतं. "ऊठ. आणि चिखलात अनवाणी कशाला आलीस, काच लागली म्हणजे?"

दोघी काठ चढायला लागल्या. घसरत होतं, म्हणून फिलिपाने तिचा दंड धरला होता. पिरिहिरा वरपर्यंत बोलत होती. आपटल्यासारखे कप ठेवणं, पीठ चाळताना सांडणं, मागच्या नाताळातलं काहीतरी, सगळं निघालं. मी मागून येत होते, रडत होते, आणि मला हसूही येत होतं.

गाडीपाशी पिरिहिराने रिकामा डबा फिलिपाच्या पोटाशी ढकलला.

"हा आता खायच्या कामाचा नाही. गॅरेजात खिळे ठेवायला घे. स्वयंपाकघरात दिसला, तर त्याला आणि तुला, दोघांना याच नदीत सोडीन."

फिलिपाने बाहीने नाक पुसलं. "गॅरेजात कुठल्या फळीवर ठेवू?"

"हेही मीच सांगू?" पिरिहिरा म्हणाली. "घर तुझं आहे, तूच बघ."