विदीबँकची बर्फहोडी

"उठा, डोलायला माणसं हवीत," असं ओरडत हॅरल्ड दारं ठोठावत होता. वस्तीत घरं सात. त्यातली चार केव्हाच रिकामी झालेली, तरी सवयीनं त्यानं तीही ठोठावली.

कालवा गोठला की विदीबँकची रीत ठरलेली. पत्रा ठोकलेली होडी घोड्यानं काठावरून ओढायची. आत दहाबारा गड्यांनी मधला दांडा धरून एका तालात डावी-उजवीकडे डोलायचं, की खालचा बर्फ तडकायचा. मागून कोळशाची होडी यायची. हॅरल्ड कालव्याचा राखणदार. या हिवाळ्यात होड्या थांबल्या तर कालवा कायमचा बंद, असं वरून बजावलं होतं, आणि कालव्यावाचून आमच्या वस्तीला कोण विचारतं?

त्या दिवशी आम्ही जेमतेम पाच जण जमलो. त्यात मी आणि डोरा या बायका, आणि म्हातारा सायलस, ज्याला धड उभंही राहवत नव्हतं. हॅरल्डची बायको आयव्ही आलीच नाही. तिला कधीची वस्ती सोडून बर्मिंगहॅमला राहायला जायची घाई.

"बर्फालासुद्धा कळतं कुठं थांबायचं ते," ती नवऱ्याला म्हणाली. "तुला नाही कळत."

डोललो बाई! हात सोलवटले, सायलसनं देवालासुद्धा शिव्या घातल्या, पण पुलापर्यंत वाट फोडली. हॅरल्डला इतका खूश मी कधी पाहिला नव्हता.

दुपारी कोळसा आला, पण ट्रकनं, रस्त्यावरून. होडी आता येणार नाही, यापुढं सगळं ट्रकनंच, असं ड्रायव्हर सांगत होता. लोक बादल्या घेऊन धावले. थंडीनं हाडं गोठलेली, कुणाला बोल लावायचा? हॅरल्ड तेवढा काठावरून हलला नाही. आयव्हीनंच त्याच्या वाटणीचा कोळसा घरात नेऊन टाकला.

सकाळी बघते तर फोडलेली वाट पुन्हा गोठलेली, आणि हॅरल्ड एकटाच होडीत डोलतोय. ना घोडा, ना गडी. एका माणसाच्या वजनानं काय होणार, कपाळ! माझा जीव तुटला. तेवढ्यात आयव्ही शाल गुंडाळून काठावर आली. म्हटलं, आता हिच्या तोंडाचा पट्टा सुरू होणार.

ती होडीत उतरली.

"सरक जरा," म्हणाली, "आणि ताल नीट धर."

उन्हाळ्यात आमची घरं पाडली. त्या सकाळी मात्र दोघं बराच वेळ डोलत राहिली, आणि बर्फाला साधा तडासुद्धा गेला नाही.