मुरघासाचे उद्घाटन

मक्याच्या कुट्टीवर जिवाणूंचे कल्चर शिंपडून पशुसंवर्धन खात्याच्या सायलीने ती पिशवीत दाबून भरली होती. आत हवा जाता कामा नये, एवढीच मुरघासाची, म्हणजे मुरवलेल्या चाऱ्याची, अट. पण निघोजे गावात पाहुणे आले की काहीतरी कापावेच लागते. शेजारच्या कंपनीच्या साहेबांनी फितीऐवजी पिशवीच कापली आणि जिवाणूंच्या निःस्वार्थ सेवेवर भाषण केले. वार्ताहर दोन दिवसांनी यायचा होता. तोवर पिशवी हार घालून तशीच उघडी राहिली.

वार्ताहर आला तेव्हा सायली कोकरांच्या मालकाला म्हणाली, "सोपानराव, मुरघासाला बुरशी धरलीय. कोकरांना घालू नका."

"आवं ताई, सायबानं मान दिलाय. उकिरड्यावर टाकलं तर मानसं काय म्हन्तील?"

त्यांनी घमेले कोकरांपुढे ठेवले. सायलीने ते हिसकावले नाही. समोर कॅमेरा होता.

पुढच्या आठवड्यात एक कोकरू मान वाकडी करून गोल गोल फिरू लागले आणि फिरता फिरताच कोसळले. बातमीच्या फोटोत घास घेणारे तेच होते.

सोपानरावांनी उरलेली पिशवी स्वतः उकिरड्यापर्यंत ओढत नेली.

"म्हनू द्या आता मानसांना," ते म्हणाले. सायलीकडे त्यांनी पाहिले नाही.