दोनशे चौदा नंबरचं मत

मी बोलतेय. इकडे तिकडे बघू नका, कोपऱ्यात बघा. मोडक्या खुर्च्यांच्या मागे, फुटक्या फळ्याला टेकून, हिरव्या रंगाचे पोपडे उडालेली पत्र्याची पेटी आहे ना, तीच मी. मतपेटी. आयुष्यभर लोकांनी माझ्या तोंडात कागद कोंबले, पण बोल म्हणून कुणी सांगितलं नाही. यंत्रं आल्यापासून सवडच सवड आहे, म्हणून म्हटलं, आता आपणच सुरुवात करावी.

एक आधीच सांगते. या कोठीत माझी ख्याती बरी नाही. शेजारची शाळेची जुनी घंटा म्हणते, हिच्या पोटात जेवढे कागद गेले त्याच्या दुप्पट थापा बाहेर आल्या. तर ऐका आणि खरं-खोटं तुमचं तुम्ही ठरवा. तुमचं ठरवायचं वय झालंय, असं गृहीत धरते.

माझा जन्म रेल्वेच्या रुळांना खेटून असलेल्या एका दुकानात झाला. बादल्या, डबे, नरसाळी करणारा एक कारागीर होता. नगरसभेनं त्याला मतपेटी करायला सांगितली आणि त्यानं जीव ओतून मला घडवलं. चार कोपरे काटकोनात, सांध्यांना कथिलाचा डाख असा, की पाणी भरलं तरी थेंब गळू नये. मतांना पाणी कशाला लागतं, हे त्याला कुणी विचारलं नाही.

त्याला दोन मुली. आई नव्हती, त्यामुळे दोघी दुकानातच वाढल्या. मी तयार झाले त्या दिवशी धाकटीनं माझ्या फटीतून हात आत घातला आणि तो अडकला. मोठीनं साबण चोळून सोडवला.

"पहिलं मत माझं," धाकटी म्हणाली.

"आधी नाक पुसायला शीक," बाप म्हणाला.

माझ्या पोटातला पहिला स्पर्श तो. साबणाचा, ओला, चिमुकला.

पुढची वर्षं मी इमानानं काढली. मंडळी, मी काय काय पाहिलंय. एक दूध घालणारे आजोबा मेल्यानंतर तीनदा मत देऊन गेले. यादीतून नाव काढायला कुणाला सवड नव्हती आणि आजोबांना मरायला सवड मिळाली तरी मत चुकवायची इच्छा नव्हती, असं म्हणायचं. यादीत नाव असलं की माणूस जिवंत, नसलं की तो श्वास घेत असला तरी उपयोग नाही. असा आमचा कायदा. मला तो पटायचा. मी पत्र्याची आहे, मला कशाचं काय.

मग पुलाचा प्रश्न आला.

गाव रुळांच्या अलीकडे, शाळा पलीकडे. फाटकापर्यंत वळसा घालायचा तर पाऊण तास. त्यामुळे पोरं सरळ रूळ ओलांडून जायची. पादचारी पूल बांधावा की नको, यावर नगरसभेनं मतदान ठेवलं. कागदावर दोन चौकोन: ‘हवा’ आणि ‘नको’. पूल वापरणार कोण, तर पोरं. मत कुणाचं, तर ज्यांची शाळा कधीच सुटली त्यांचं.

त्या दिवशी मोठी सोळा वर्षांची होती. अंगात राखाडी स्वेटर, मागे शाळेतली वीसेक पोरं. मतदान सुरू व्हायच्या आधीच ती सभागृहात आली आणि टेबलापाशी उभी राहिली. टेबलावर त्यांचेच गणिताचे सर होते, कारण निवडणूक आली की मास्तरांना कामाला जुंपतात. शेजारी नगराध्यक्ष, पोटावर हात बांधून.

"आम्हालाही मत द्यायचंय," मोठी म्हणाली. "रूळ आम्ही ओलांडतो."

"अगं बाई, हौस चांगली आहे," नगराध्यक्ष म्हणाले. "पण या वयात मत म्हणजे पोरखेळ. आज तुम्हाला पूल हवा, उद्या म्हणाल शाळाच नको. अठरा पूर्ण कर, मग ये. दोनच वर्षं तर आहेत."

"दोन वर्षं गाड्या थांबतील का?"

सगळे हसले. सरही हसले. मीसुद्धा झाकण जरा खडखडवलं, खोटं कशाला बोलू.

पूल अकरा मतांनी पडला. आता एक गुपित फोडते. गुप्त मतदान ही माझी जात आहे, पण इतकं एकच सांगते. त्या ‘नको’मधल्या एका कागदावर कथिलानं काळवंडलेला अंगठा उमटला होता. तो अंगठा मी जन्मल्यापासून ओळखते. पुलाचा जिना जिथे उतरणार होता ना, तिथे त्याचं दुकान होतं.

दोन वर्षं गेली. मोठीला अठरा पूर्ण झाली. पुलाचं मतदान पुन्हा ठरलं आणि माझा एक कोपरा गंजला म्हणून मला दुरुस्तीला दुकानात आणलं.

धुक्याची सकाळ होती. धाकटीला ताप होता, म्हणून ती मागच्या खोलीत झोपली होती. मोठी एकटीच रूळ ओलांडून शाळेला निघाली. "बाबा, हिला औषध द्या," इतकंच म्हणाली. बापानं मला आडवी पाडली, कोपऱ्याचा जुना डाख काढला आणि नवा लावायला घेतला. अर्धा सांधा भरला असेल. तेवढ्यात मालगाडीची शिट्टी झाली. नेहमी छोटी असते. ही थांबेचना.

डाख लावायची तापलेली सळई त्याच्या हातातून पडली. तो धावला. मी तशीच पडून राहिले, अर्धा सांधा भरलेला, अर्धा उघडा.

तो सांधा त्यानं पुन्हा हातात घेतला नाही. पुढे नगरसभेचा शिपाई आला, वरून हिरवा रंग फासून मला घेऊन गेला. रंगाखाली फट तशीच राहिली. त्या दिवसापासून माझ्या पोटात वारा शिरायला लागला. मी रिकामी असले तरी आत काहीतरी कुजबुजायचं. घंटा म्हणते वाराच तो. असेल.

तीन आठवड्यांनी टपालानं मोठीचं मतदार कार्ड आलं. यादीत नाव चढलं होतं, अनुक्रमांक दोनशे चौदा. सांगितलं ना, नाव असलं की माणूस जिवंत.

मतदानाच्या सकाळी सभागृह भरलेलं होतं. टेबलावर तेच सर. समोर बाकावर दोन्ही बाजूंचे दोन प्रतिनिधी. कुणी खोट्या नावानं आलं तर हरकत घ्यायची, हे त्यांचं काम. ‘हवा’वाल्यांची बाजू शिवणकाम करणाऱ्या काकू सांभाळत होत्या, ‘नको’वाल्यांची किराणा दुकानदार. दाराशी रांग.

रांगेतून राखाडी स्वेटर पुढे आला.

काय सांगू. माझा पत्रा आकसला. दोन वर्षांपूर्वी त्याच जागी, तोच स्वेटर, तीच उंची, तीच डावीकडे कललेली मान. तिनं कार्ड टेबलावर ठेवलं. सरांनी ते पाहिलं, मग तिच्याकडे पाहिलं. त्यांचा चष्मा नाकावरून घसरला, तो त्यांनी वर केला नाही. या मुलीच्या वह्या ते रोज तपासत होते. आणि जिचं हे कार्ड, तिच्या अंत्ययात्रेत ते पहिल्या ओळीत होते.

नियम असा, की नंबर मोठ्यानं वाचायचा आणि हरकतीसाठी थांबायचं.

"दोनशे चौदा," सर म्हणाले.

सभागृहातल्या प्रत्येक माणसानं मोठीला निरोप दिला होता. दुकानदारानं तोंड उघडलं, स्वेटरकडे पाहिलं आणि मिटलं. काकू आपल्या नखांकडे बघत बसल्या. रांगेतल्या एका म्हातारीनं दोन पावलं मागे सरून तिला वाट दिली, माणसाला देतात तशी नाही.

"हरकत नाही," सर म्हणाले. कुणाला म्हणाले देव जाणे.

तिच्या डाव्या हाताच्या बोटाला शाई लागली. पडद्याआड ती बराच वेळ होती. मग तिचा कागद माझ्या पोटात पडला आणि मला कळलं, हा सोळा वर्षांचा हात आहे. मेलेल्यांची मतं मी पूर्वी घेतली होती. पण त्यांच्यामागे नेहमी कुणीतरी लबाड असायचा. ही पहिलीच, जिच्यामागे खरोखर मेलेलं कुणी उभं होतं.

संध्याकाळी झाकण उघडलं. एकूण सहाशे अकरा. सर एकेक उघडत गेले. हवा तीनशे पाच. नको तीनशे पाच. शेवटचा एक राहिला.

सरांनी तो उघडला. शिक्का ‘हवा’वर, नीट मधोमध. आणि खाली निळ्या पेनानं एक शब्द: ‘ताईचं’.

आता हा नियम मोठ्यांना पाठ असतो. कागदावर शिक्क्याशिवाय काहीही लिहिलं, की मत बाद. पोरीला कोण सांगणार? शाळेत तर शिकवतात, की पेपरवर नाव घालायला विसरू नका. सर अक्षर ओळखत होते. कागद त्यांच्या हातात इतका वेळ राहिला, की दुकानदार खाकरला.

"बाद," सर म्हणाले. त्यांचा आवाज मी आजवर इतका बारीक ऐकला नव्हता.

म्हणजे बरोबरी. नगराध्यक्ष आले, घाम पुसत म्हणाले, "पेटीत चिठ्ठ्या टाका. एक हवा, एक नको. आणि काढायला एखादं लहान मूल बोलवा. मुलांच्या मनात पाप नसतं."

अंगणात निकालाची वाट बघत गर्दी होती. नगराध्यक्षांची नजर त्यातल्या धाकटीवर पडली. "ही चालेल. लहानच आहे."

सकाळी ती अठरा वर्षांची होती, कुणी हरकत घेतली नाही. संध्याकाळी ती लहान मूल झाली, तरी कुणी हरकत घेतली नाही. काकूंनी फक्त पदर तोंडाला लावला. मत द्यायला कच्ची आणि नशीब काढायला पक्की, अशी माणसाची अक्कल. मी पत्र्याची असून लाजले.

डावा हात बाहीत ओढून, मान फिरवून, तिनं उजवा हात माझ्यात घातला. साबणाचा वास आला, शपथ. तिची बोटं आधी ‘नको’वर गेली.

मंडळी, मी चाळीस निवडणुका पाहिल्या आणि कधी खोटेपणा केला नाही. त्या क्षणी केला. पोट आत घेतलं, वारा ओढला आणि ती चिठ्ठी अर्ध्या राहिलेल्या सांध्यात सरकवली. तिच्या हाताला एकच कागद लागला.

"हवा," सरांनी वाचलं.

"दुसरी दाखवा," दुकानदार म्हणाला.

सरांनी हात घातला, चाचपलं. सांध्यातून डोकावणारा कोपरा त्यांच्या बोटाला लागला. ते थांबले.

"आहे आत," ते म्हणाले आणि झाकण लावलं. खोटं नव्हतं ते.

पूल मंजूर झाला. दुकान पाडायची तारीख ठरली. त्याच्या आदल्या दुपारी मला शेवटच्या दुरुस्तीला तिथे आणलं. अर्धी हत्यारं खोक्यात भरली होती. बापानं रंग खरवडला, सांधा उघडला आणि चिमट्यानं चिठ्ठी बाहेर काढली. वाचली. हातातच ठेवली.

धाकटी जेवणाचा डबा घेऊन आली. नख वाढत गेलं तशी तिच्या बोटावरची शाई टोकाला सरकली होती, चंद्रकोरीएवढीच उरली होती.

"किती दिवस विचारीन म्हणतोय," तो म्हणाला. "हे बोट कसलं?"

"शाई सांडली."

"शाळेत असली शाई मिळत नाही."

तिनं डबा खाली ठेवला. मग तोच म्हणाला, चिठ्ठीकडे बघत, "मागल्या खेपेला मी नको म्हटलं होतं. दुकानासाठी."

"माहितीये बाबा. ताईला पण माहीत होतं."

"रागावली होती?"

"नाही. म्हणाली, दुकान त्यांचं आहे, ते नकोच म्हणणार. म्हणून तर अठरा झाल्या दिवशीच तिनं नाव नोंदवलं. म्हणाली, बाबांचं एक, माझं एक. फिट्टंफाट."

सळई तापून लाल झाली होती. तो तिच्याकडे बघत राहिला, मग सळईकडे. "या खेपेला मी हवा म्हटलं," तो म्हणाला. "उशीर झाला." चिठ्ठीची घडी घालून त्यानं ती सांध्यात परत ठेवली आणि अर्धा राहिलेला डाख पुरा केला. हात हलला नाही. नंतर मात्र माझ्या झाकणावर डोकं टेकून बसला. धाकटीनं डबा उघडला आणि वाट बघत राहिली.

तर ती चिठ्ठी अजून माझ्यात आहे. हलवून बघा, वाजते. माझी फसवणूक उघड करायची असेल तर करा, आता मला कोण शिक्षा करणार. वर झरोका आहे, त्यातून पुलाचा जिना दिसतो. सकाळी पोरं जातात, दुपारी येतात. मी मोजते. मोजणीत माझा हात कुणी धरणार नाही. धुकं असलं, की जाताना शहाण्णव जातात आणि येताना सत्त्याण्णव उतरतात. मी तीनतीनदा मोजून पाहिलंय.

घंटा म्हणते, ही पण थाप. असू दे. तुम्ही फक्त एक करा. उद्या तुमच्या दारात कुणी पोर येऊन म्हणालं, की रूळ आम्ही ओलांडतो, तर मत द्या न द्या, कायदा तुमचा आहे. पण ‘दोन वर्षांनी ये’ म्हणण्याआधी एकदा कान देऊन ऐका, गाडी कुठवर आली आहे.

आता झाकण लावा. थंडी पडायला लागली आहे, आणि मला सकाळी लवकर मोजायला बसायचंय.