हॅना पेलचा मुलगा

रसेल, माझा नवरा. एक्कावन्न वर्षांच्या संसारात त्यानं आपल्या वडिलांबद्दल मला जेवढं सांगितलं, ते एका पोस्टकार्डावर मावलं असतं. त्यांचं नाव आर्थर पेल. अनाथ मुलांना कॅनडातल्या शेतांवर कामाला धाडणारी एक संस्था इंग्लंडमध्ये होती. तिनं आर्थरना नवव्या वर्षी बोटीत बसवलं. ते ब्रँडनजवळच्या एका शेतावर राबत वाढले आणि पुढे तिथंच त्यांनी स्वतःची जमीन केली. ‘मला कुणी नव्हतं,’ एवढंच ते म्हणायचे. मुलाला नावानं हाक मारायचे नाहीत, नुसतं ‘बॉय’. एकदा फाटक उघडं राहिलं म्हणून त्यांनी नऊ वर्षांच्या रसेलला दोन रात्री गोठ्यात झोपवलं होतं. हे सांगताना ऐंशी वर्षांच्या रसेलचा जबडा आवळायचा.

गेल्या नोव्हेंबरात त्याच्या हृदयाची तपासणी झाली. मी नागपूरहून इथं कॅनडात, विनिपेगला आलेली, उभा जन्म पॅथॉलॉजीत काढलेली डॉक्टर. रिपोर्ट वाचला आणि कळलं, हा हिवाळा शेवटचा. त्यालाही कळलं असावं. सूप पिता पिता म्हणाला, “छाया, माझी आजी कोण होती, शोधशील?”

शोधायला एवढंच हाताशी होतं, की आर्थरच्या कागदांवर इंग्लंडच्या नॉरफक परगण्यातल्या एल्सवेल या खेड्याचं नाव होतं. तिथल्या चर्चला मी ईमेल केली. उत्तर आलं ज्युडिथ नावाच्या एका निवृत्त शिक्षिकेचं. चाळीस घरं, बिटाची शेतं आणि एक चर्च, एवढंच गाव. त्याचा इतिहास ही बाई एकटी जमवत होती. दर मंगळवारी ती शहरातल्या दफ्तरखान्यात जायची, जुन्या नोंदवह्यांचे फोटो काढून मला पाठवायची.

पहिला फोटो बाप्तिस्म्याच्या नोंदीचा. १९०२. मुलाचं नाव आर्थर, आई हॅना पेल, अविवाहित, घरकामाची बाई. बापाच्या रकान्यात रेघ. दुसरा शाळेच्या हजेरीपटाचा. १९११ साली आर्थरच्या नावापुढे लिहिलं होतं, ‘कॅनडाला गेला.’

रसेल हरखला. एल्सवेलचा नकाशा छापून त्यानं फ्रिजवर लावला. येताजाता ‘हॅना’ असं मोठ्यानं म्हणून बघायचा. “कशानं गेली असेल गं ती? क्षयानं? की बाळंतपणात?”

मी दफनाच्या नोंदी मागवल्या. १९०२ ते १९११, एकेक ओळ वाचली. हॅना पेल कुठेच नव्हती.

मग जानेवारीत ज्युडिथची मेल आली. ‘बसून वाचा,’ असं तिनं वरतीच लिहिलं होतं.

एल्सवेलचे पाद्री आपण पाठवलेल्या पत्रांच्या नकला एका वहीत ठेवत. त्यातलं १९१९चं पत्र मुलं धाडणाऱ्या त्या संस्थेला होतं: हॅना पेल आता शेजारच्या गावात लग्न करून राहते. मुलाचा पत्ता मागायला ती चौथ्यांदा आली. तो सुखात आहे, तुझ्या पत्रानं त्याचं मन उगाच विचलित होईल, असं मी तिला समजावून परत पाठवलं आहे.

खाली ज्युडिथनं हॅनाच्या दफनाची तारीख दिली होती. मे १९५८.

त्याच आठवड्यात संस्थेकडून आर्थरची फाइल आली. वारस म्हणून रसेलच्या सहीनं आम्ही ती मागवली होती. आत तपासनिसाचा शेरा: ‘मुलगा गोठ्याच्या माळ्यावर झोपतो. समाधानी दिसतो.’ आणि पेन्सिलीनं लिहिलेली एक चिठ्ठी, कधीच पुढे न पाठवलेली. ‘आईला सांगा, मी आता चांगला वागतो. माझी शिक्षा कधी संपणार?’

तीन दिवस मी ते कागद कपाटात साड्यांखाली ठेवले. आमची मुलगी जाई मार्कहॅमला असते. तिला फोन केला. ती म्हणाली, “आई, प्लीज, डोन्ट. लेट हिम हॅव हिज ऑर्फन स्टोरी.”

चौथ्या दिवशी सकाळी रसेलनं विचारलं, “ज्युडिथचं काही आलं?” पेशंटपासून मी कधी रिपोर्ट लपवला नव्हता. सगळे कागद त्याच्या पुढ्यात ठेवले.

त्यानं सावकाश वाचलं. चिठ्ठी दोनदा वाचली. मग बोटांवर वर्षं मोजली.

“अठ्ठावन्न साली मी सतरा वर्षांचा होतो,” तो म्हणाला. “आणि बाप छप्पन्न वर्षांचा. आई जिवंत होती त्याची.”

मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. त्यानं कागद एकावर एक नीट रचले. मग म्हणाला, “ब्रँडनच्या हॉस्पिटलातून फोन आला होता, आठवतं?”

आठवत होतं. १९७२ची मार्चमधली सकाळ, आमच्या लग्नाला दोन महिने झाले होते. ‘वडील शेवटच्या घटका मोजताहेत, तुम्हाला विचारताहेत,’ असं नर्सनं सांगितलं. गाडीनं दोन-अडीच तासांची वाट. रसेल फोनवर म्हणाला होता, बर्फ पडलंय, रस्ता बंद आहे.

“रस्ता बंद नव्हता, छाया.”

“माहीत आहे मला.”

त्यानं चमकून वर पाहिलं. “तुला माहीत होतं?”

“मी खिडकीशीच उभी होते. लख्ख ऊन होतं.”

गप्प राहायला हवं होतं मी. पन्नास वर्षं त्यानं ते एकट्यानं पोटात ठेवलं होतं, आणि मी ते पहिल्या दिवसापासून पाहत होते, हे त्याला त्या क्षणी कळलं. त्यानं माझा हात पाठीवरून अलगद बाजूला केला.

त्यानंतर तो माझ्याशी कामापुरतंच बोलला. फ्रिजवरचा नकाशा काढून रिसायकलच्या डब्यात टाकला. गोळ्या दिल्या तर घ्यायचा, जेवण समोर ठेवलं तर चार घास खायचा. रडला असता, माझ्यावर ओरडला असता, तर मला धरायला काहीतरी मिळालं असतं. एकदाच, अंघोळीनंतर त्याचे पाय पुसत होते तेव्हा, भिंतीकडे बघत म्हणाला, “तो मला विचारत होता. नावानं विचारलं असेल का गं?” मला काय ठाऊक? मी “हो” म्हटलं. त्याचा विश्वास बसला नाही.

फेब्रुवारीच्या अकरा तारखेला, दुपारी, खुर्चीत बसल्या बसल्या तो गेला.

ज्युडिथनं तोवर हॅनाचा एक नातू शोधून काढला होता. त्याला पत्रही लिहिलं होतं. त्याचं दोन ओळींचं उत्तर तिनं मला पाठवलं: आमच्या आजीला चारच मुलं होती. कृपया पुन्हा लिहू नये. हॅनाच्या कबरीवर दगड नाही, तिथल्या दफनभूमीच्या गवत कापलेल्या तुकड्यात ती कुठेतरी आहे, असंही ज्युडिथनं कळवलं. मी तिचे आभार मानले आणि पुढच्या मेल उघडल्या नाहीत.

जमीन गोठलेली असल्यामुळे दफन मे महिन्यावर गेलं. कुठे पुरायचं ते रसेलनं सांगून ठेवलं नव्हतं. मी ब्रँडनजवळ आर्थरच्या शेजारची जागा ठरवली. जाई फोनवर चिडली, “बाबा हेटेड हिम, आई!” तरी मी बदललं नाही. बरोबर केलं का, ते अजून माहीत नाही. मेलेल्यांची समजूत घालता येत नाही. मी आपली दोघांना एकमेकांजवळ ठेवून आले.

त्या दिवशी वारा फार होता. आम्ही मोजून नऊ माणसं. सगळे गाड्यांकडे वळल्यावर जाई माझ्यापाशी थांबली. “व्हाय डिड यू टेल हिम?”

“त्यानं विचारलं म्हणून.”

“दॅट्स नॉट अ रीझन.”

ती गाडीकडे गेली आणि इंजिन सुरू करून बसली. मला आणखी एखादं कारण सुचेल म्हणून मी तिथंच उभी राहिले. मग गाडीत जाऊन बसले. हल्ली ती रविवारी फोन करते. हवा कशी आहे, गुडघा कसा आहे, ग्रोसरी कोण आणून देतं, एवढं विचारते. मी उत्तरं देते. बाबाचं नाव आम्ही दोघीही काढत नाही.