टोग्याला बटणं नसतात

तेव्हाच्या कायद्याप्रमाणे दुपारी अडीचला पब बंद व्हायचा. घंटा वाजली की कोपऱ्यातलं कुणीतरी हमखास दोन्ही हात छातीशी नेऊन ओरडायचं, "सगळे आलेत. छान. आता मला कोणीतरी घरी न्या." अख्खा पब हसायचा आणि हसता हसता कोट चढवायचा.

*

साबणाच्या वडीएवढी काळी डबी. तिला एकच खटका. मागून निघालेली लांब वायर.

*

गुलाम मोकळा करायचा तर मालकाने साक्षीदारांसमोर त्याचं नाव घेऊन तोंडाने तसं बोलायला हवं. मनात कितीही असलं तरी उपयोग नाही. रोममध्ये खरंच तसं होतं का, मला ठाऊक नाही. आमच्या लेखकाने तसं ठरवलं होतं.

*

पांढरा मग, त्यावर निळ्या अक्षरांत तेच वाक्य. तीन वाढदिवसांना तीन वेगवेगळ्या माणसांनी मला दिला. तिन्ही मग कपाटात, मागच्या रांगेत.

*

करड्या लोकरीचा, पुढून उघडा स्वेटर. पाच बटणं. चौथं तपकिरी, कारण मूळचं हरवलं आणि विनीने घरात सापडलं ते लावलं.

*

मी ग्लेनिस. १९७४ साली पश्चिम लंडनमधल्या एका टीव्ही स्टुडिओत कामाला होते. नाटकाचं चित्रण चालू असताना संहिता मांडीवर घेऊन, ओळीवर बोट ठेवून बसायचं, हे माझं काम. नट अडला की खटका दाबायचा. खटका दाबला की सगळे माइक मेले. मग मी पुढचे शब्द सांगायचे, खटका सोडायचा, नट पुढे जायचा. टेपवर दोन सेकंदांची शांतता उरायची, ती नंतर कापून टाकत. बावीस वर्षं मी भल्याभल्यांना शब्द पुरवले, पण टेपवर मी कुठेही नाही.

मालिका रोमवर होती. तेरा भाग, पांढऱ्या चादरींचे टोगे, पुठ्ठ्याचे खांब. म्हाताऱ्या सेनेटरचं काम सिरिल हॅडो करत होता. वय अडुसष्ट. सहाव्या भागात सेनेटर मरतो आणि मरण्याआधी आपल्या गुलामाला, फेलिक्सला, मोकळं करतो. सगळ्या भागाचा जीव त्या एका वाक्यात होता: "हा फेलिक्स, माझ्या इच्छेने आजपासून मोकळा."

तालमी एका चर्चच्या हॉलमध्ये चालायच्या. जमिनीवर रंगीत पट्ट्या चिकटवलेल्या. लाल पट्टी म्हणजे भिंत, पिवळी म्हणजे दार. दुसऱ्या आठवड्यात सिरिल चहाचा कप घेऊन माझ्याकडे आला.

"ग्लेनिस, सिगारेट ओढतेस?"

"नाही."

"मग ओढत असल्यासारखी बाहेर चल."

बाहेर थडगी होती आणि एक बाक. तो बसला नाही.

"माझं हल्ली जातं अधूनमधून," तो म्हणाला.

"ओळी सगळ्यांच्याच जातात, मिस्टर हॅडो. म्हणून तर मला पगार देतात."

"ओळी नाही गं. ओळ गेली तर मी काहीही ठोकून देईन, चाळीस वर्षं तेच करत आलोय. बाकीचं जातं. कुठे आहे, कशाला आहे. परवा कसायाच्या दुकानात उभा होतो. तो विचारतोय, काय देऊ साहेब. मला वाटलं, हा कोण नट? आणि माझी ओळ हा का म्हणतोय?"

मी हसले. तो हसला नाही.

"विनीला माहितीये?" मी विचारलं. विनी त्याची बायको.

"तिनेच पकडलं. गेलं की माझा हात बटणांवर जातो म्हणे. कोट नीट लावून निघायचं असतं मला. घरातच बसलेलो असतो आणि घरी न्या म्हणतो." त्याने चहा थडग्याशेजारच्या गवतात ओतला. "ऐक. शूटिंगच्या वेळी हात बटणांवर गेला की खटका दाब. दाबूनच धर. डेझमंड शॉट थांबवेपर्यंत सोडू नकोस. मी काय बडबडतोय ते बाहेर जाता कामा नये. मला हसले तरी चालेल, पडेल म्हटलं तरी चालेल. पण तसं कुणी बघायला नको."

"आणि तेव्हाच तुम्ही काहीतरी झकास बोललात तर?"

मी आपली गंमत केली.

"तेव्हा तर आधी दाब," तो म्हणाला. "शब्द दे."

"दिला."

"टोग्याला बटणं नसतात. त्यामुळे तुला ओळखायला सोपं जाईल."

*

मासिकाच्या मुलाखतकाराला सांगितलेली हकीकत: "सिरिल शेवटपर्यंत सुचेल ते करून बघणारा नट होता."

विनीला सांगितलेली हकीकत: पुढे येतेय.

*

गुरुवार. सकाळी साडेनऊला खटका तपासला, नेहमीसारखा तीनदा. चालत होता.

स्टुडिओत सहाला दिवे जायचे. दिवेवाल्यांची युनियन होती. सहा म्हणजे सहा, मग राणी आली तरी अंधार. मरणाचा प्रसंग शेवटी ठेवलेला. पहिल्या खेपेला फेलिक्स झालेला नॉरिस धुपाच्या धुराने शिंकला. दुसऱ्या खेपेला कॅमेऱ्याची वायर खांबाला अडकली आणि रोम डुलायला लागलं. तिसरी खेप सुरू झाली तेव्हा सहाला सहा मिनिटं होती. वरच्या काचेच्या खोलीत दिग्दर्शक डेझमंड नखं खात असणार.

पलंगाभोवती आठ साक्षीदार. नॉरिस गुडघ्यावर. सिरिलने त्याच्याकडे पाहिलं. माझं बोट ओळीवर, अंगठा खटक्यावर.

तो बोलला नाही.

मग त्याचा उजवा हात चादरीवरून उठला. गळ्याखाली गेला. अंगठा आणि एक बोट, काहीतरी छोटं आणि गोल भोकातून सारल्यासारखं. मग त्याच्या खाली. मग आणखी खाली. चौथ्याला हात थांबला, चाचपला, पुढे गेला.

मला कळलं. लगेच कळलं. त्याने सांगितलं होतं तितकंच सोपं होतं.

अंगठा खटक्यावर होता. मी दाबला नाही.

सिरिलने मान उचलून आठ माणसांकडे बघितलं. पाहुणे वेळेवर आल्यावर यजमानाला वाटतं तसं समाधान त्याच्या चेहऱ्यावर होतं. "सगळे आलेत," तो म्हणाला. "छान." मग नॉरिसकडे वळून, शेजारच्याला त्रास देताना आपण बोलतो तसं, अगदी हळू: "आता मला कोणीतरी घरी न्या."

नॉरिसच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी. ते खरं होतं. त्याने सिरिलचा हात धरला आणि कपाळाला लावला. कॅमेरा जवळ गेला.

का दाबला नाहीस? सहा मिनिटं उरली होती. तिसरी खेप होती. ही कारणं मी नंतर जमवली. तेव्हा मला फक्त पुढे काय बोलतो ते ऐकायचं होतं.

*

डेझमंड लोखंडी जिना दणाणत खाली आला. "सिरिल, हरामखोरा! हे इतके दिवस कुठे दडवून ठेवलं होतंस?"

लेखक म्हणाला, "माझ्या संहितेत हे नाहीये."

"आता आहे."

"थांबा, थांबा," नॉरिस नाक पुसत म्हणाला, "माझं नाव कुठे घेतलंय? मी सुटलो की नाही?"

सगळे हसले. नाव घेतलं नव्हतं, तेव्हा फेलिक्स सुटला नाही. पुढचे चार भाग नव्याने लिहावे लागले आणि नॉरिस ते सगळे चार भाग गुलाम राहिला.

सिरिल पलंगावरच बसून होता. चेहरा परत जागेवर आला होता. बोटाने मला जवळ बोलावलं.

"दाबलास ना?"

"हो," मी म्हटलं.

"शहाणी पोर."

त्याने टोगा काढला, करडा स्वेटर घातला आणि पाचही बटणं नीट लावली. दिवे गेले.

*

भाग रविवारी लागला. सोमवारी वर्तमानपत्रांनी लिहिलं की आपल्याच घरात मरणारा माणूस घरी न्या म्हणतो, यात सगळं साम्राज्य आलं. एकाने हातांवर वेगळा परिच्छेद लिहिला होता: सत्तेचं वस्त्र उतरवू पाहणारे हात. ते उतरवत नव्हते, लावत होते.

दहाच्या सुमाराला विनीचा फोन आला.

"ग्लेनिस, तू दाबणार होतीस ना?"

"खटका अडकला, विनी. जुनं सामान. मी दाबला गं, लागलाच नाही."

"बरं. त्याला तसंच सांगते."

"तो काय म्हणाला?"

"काही नाही. टीव्ही बंद केला, कोट घातला आणि जिन्यात जाऊन बसला. मी दोनदा बोलावलं."

त्या वर्षीचं बक्षीस त्याला मिळालं. तो घ्यायला उठला तेव्हा मागच्या टेबलावरून कुणीतरी ते वाक्य ओरडलं आणि टाळ्या पडल्या. सिरिल आवाजाच्या दिशेने वळला. "नेताय का?" त्याने विचारलं. लोक पोट धरून हसले. विनीने त्याचा दंड पकडला.

*

१९८१. दक्षिण किनाऱ्यावरचा वृद्धाश्रम. विनीला जाऊन एक वर्ष झालं होतं. मी भेटायला गेले तेव्हा तो खिडकीशी बसला होता, अंगात कोट, पायांत चपला. पॉलीन नावाची परिचारिका चहा देत होती.

"अगदी वेळेवर आलात," ती म्हणाली. "चार वाजले की करतो. बघाच."

समुद्रावर ऊन मंद झालं. सिरिलचा हात गळ्याखाली गेला. एक, दोन, तीन. कोटाला खरीच बटणं होती, पण सगळी आधीच लावलेली. त्याने खोलीभर पाहिलं.

"सगळे आलेत. छान. आता मला कोणीतरी घरी न्या."

दोन म्हाताऱ्यांनी टाळ्या वाजवल्या.

"दिवसातून चार-चार वेळा करतो हो," पॉलीन म्हणाली. "आमच्या स्वयंपाकीणबाईंनी मालिका पाहिलीये, त्या तर रडतातच. एवढा मोठा माणूस, पण भाव खात नाही. मिस्टर हॅडो, पाहुण्यांसाठी अजून एकदा?"

"तो नाटक करत नाहीये," मी म्हटलं.

"म्हणजे?"

"त्याला घरी जायचंय."

पॉलीनने हसून माझ्या कोपराला हात लावला. "तेच तर! इतकं खरं वाटतं ना? बाहेरून आलेला प्रत्येक जण हेच म्हणतो."

ती बिस्किटं आणायला गेली. मी सिरिलच्या कानाशी वाकले.

"मी ग्लेनिस. त्या दिवशी मी खटका दाबला नव्हता."

त्याने माझ्याकडे पाहिलं. तालमीत चुकलेल्या पोरीकडे मुरलेला नट पाहतो तसं, जरा कडक.

"ही तुझी ओळ नाही," तो म्हणाला, आणि हात पुन्हा पहिल्या बटणावर गेला.

मी पाचच्या गाडीने परत आले. खिशात अंगठा मिटलेल्या बोटावर दाबून धरला होता, लंडन येईपर्यंत.

*

गेल्या महिन्यात टीव्हीवरून एका मुलीचा फोन आला. अविस्मरणीय संवादांवर कार्यक्रम करताहेत. सेनेटरची ओळ पहिल्या दहात आहे. त्या वेळी सेटवर असलेलं माझ्याशिवाय त्यांना कुणी सापडत नाही. ती ओळ सुचली कशी, हे मी सांगेन का?

मी कॅमेऱ्यासमोर बसले. अडकलेल्या खटक्याची हकीकत सांगितली. मुलीला फार आवडली.

"म्हणजे यंत्र बिघडलं म्हणून आपल्याला ते वाक्य मिळालं!"

"हो," मी म्हटलं.

*

हॅडोंचं घर स्टुडिओपासून चालत अकरा मिनिटांवर होतं.